राखेवरची पावले : संगणकाच्या स्मृतीतील चुका शोधण्याचा इतिहास

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात पावसाळ्यात एखाद्या टेकडीवरून खाली पाहिले, तर जमीन लहानमोठ्या चौकटींत विभागलेली दिसते. ही भाताची खाचरे. प्रत्येक खाचराला मातीचा बांध असतो आणि कोणते खाचर कोणाचे, हे सातबाराच्या उताऱ्यावर लिहिलेले असते. जमिनीवरून होणारी भांडणेही आपल्या वर्गातल्या मुलांच्या कानावर पडलेली असतात. ती साधारण तीन प्रकारची. पहिले, नांगर चालवताना शेजाऱ्याचा बांध कोरणे. दुसरे, खंडाने घेतलेले खाचर परत केल्यावरही त्यात पेरणी करणे. तिसरे, जमीन कोणाच्या तरी नावावर राहते, पण कसायला कोणीच येत नाही. मग ती वर्षानुवर्षे पड राहते आणि दुसऱ्याला देताही येत नाही.

संगणकाच्या स्मृतीत होणाऱ्या मोठ्या चुका बहुतांशी याच तीन प्रकारच्या असतात. आपल्याला मिळालेल्या जागेच्या पलीकडे लिहिणे, परत केलेली जागा पुन्हा वापरणे आणि घेतलेली जागा परत द्यायला विसरणे. कोणत्या प्रोग्रामला स्मृतीतली कोणती जागा दिली, याची नोंद ठेवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल करतो. पूर्वी ज्यांना तलाठी म्हणत आणि आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्यासारखेच हे काम आहे.

एखाद्या शेतकऱ्याने चूक केली, तर दप्तर पाहून ती दाखवता येते. पण दप्तरातच चूक झाली तर? कर्नेलमधील स्मृतीच्या चुका शोधणे कठीण का, याचे उत्तर या प्रश्नात आहे. साध्या प्रोग्रामने आगळीक केली, तर कर्नेल त्याला थांबवतो. कर्नेलच्या स्वतःच्या चुकीवर नजर ठेवायला सहसा वर कोणी नसते. त्यामुळे त्याच्या पोटातच काही तपासनीस बसवावे लागतात. हे तपासनीस म्हणजे छोटी छोटी साहाय्यक फंक्शने. ती कशी आली, कशी गुंतागुंतीची झाली आणि पुन्हा सोपी का करावी लागली, ते आपण पाहू.

मेल्यानंतरची तपासणी

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात ‘एडसॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत ध्वनितरंगांच्या रूपात फिरत असे. तो उभारणाऱ्या गटाचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत एक प्रांजळ गोष्ट नोंदवली आहे. आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच प्रोग्राममधील चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना त्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा जिन्यात अचानक लख्ख जाणवले.

याच गटातील स्टॅन्ले गिल यांनी १९५१ मध्ये एडसॅकवरील चुकांच्या निदानावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात दोन रीती दिसतात. पहिली, प्रोग्राम बंद पडल्यावर स्मृतीचा हवा तो भाग छापून पाहणे. वैद्यकातील शब्द उसना घेऊन तिला ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणत. दुसरी, प्रोग्राम चालू असतानाच त्याच्या एकेका पावलाची नोंद घेणे. पहिल्या रीतीत वेळ वाचतो, पण मृत्यूचे कारण तर्काने शोधावे लागते. दुसरीत कारण समोर दिसते, पण प्रोग्राम फारच हळू चालतो. ही ओढाताण आजही संपलेली नाही.

मुंबईतील ८१,९२० कडी

आपल्या महाराष्ट्रात ही कथा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू होते. तेथे आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने आधी एक प्रायोगिक यंत्र तयार केले. ते १९५६ मध्ये चालू झाले. त्यानंतर पूर्ण आकाराचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये वापरात आला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याची स्मृती फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेले प्रत्येक कडे एका किंवा उलट दिशेने चुंबकित होई. एक दिशा म्हणजे ०, दुसरी म्हणजे १.

टिफ्रॅकच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. मुलांना गुणाकार करायला सांगावा. २,०४८ गुणिले ४० म्हणजे ८१,९२० बिट, म्हणजेच १०,२४० बाइट. आजचे कर्नेल स्मृतीचे वाटप ‘पाने’ मोजून करते आणि बहुतेक यंत्रांत एक पान ४,०९६ बाइटांचे असते. म्हणजे भारतात घडवलेल्या त्या संगणकाची सगळी स्मृती आजच्या हिशेबाने अडीच पाने भरली! ४ गिगाबाइट स्मृतीच्या साध्या फोनमध्ये अशी १०,४८,५७६ पाने असतात.

अडीच पानांचे दप्तर माणूस छापून वाचू शकतो. दहा लाख पानांचे नाही. त्यामुळे राखणीची रीत बदलावी लागली. मात्र जुन्या काळाची एक खूण भाषेत राहिली. इंग्रजीत या कड्यांना ‘कोअर’ म्हणत. फेराइटची कडी संगणकातून केव्हाच गेली, पण बंद पडलेल्या प्रोग्रामची स्मृती फाइलमध्ये उतरवून घेण्याला आजही ‘कोअर डंप’ असेच म्हणतात.

राख पसरण्याची युक्ती

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली. पुढे ती रिची यांनी घडवलेल्या ‘सी’ भाषेत पुन्हा लिहिली गेली. सी भाषा वेगवान आहे, पण ती बांध राखत नाही. दहा घरांच्या जागेत अकराव्या घरात लिहिले, तरी ती हरकत घेत नाही. फिनलंडमधील विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स कर्नेलही मुख्यतः याच भाषेत आहे. अँड्रॉइडचे प्रत्येक यंत्र लिनक्स कर्नेलवर चालते. तेव्हा शहापूरच्या बाजारपेठेत किंवा म्हशाच्या जत्रेत ज्या ज्या हातात अँड्रॉइड फोन असेल, त्या प्रत्येक फोनमध्ये हा स्मृतीचा तलाठी काम करत असतो.

परत केलेली जागा कोणी गुपचूप वापरली, हे ओळखायचे कसे? रात्री कोणी येऊन जाते असा संशय असला, तर उंबऱ्याशी राख पसरून ठेवतात आणि सकाळी पाऊल उमटले का ते पाहतात. संगणकातील युक्ती अगदी हीच आहे. जागा परत आली की ती एका ठरावीक आकड्याने भरून टाकायची. पुन्हा कोणाला देण्यापूर्वी तो आकडा जसाच्या तसा आहे का ते तपासायचे. तो बदललेला दिसला, तर मधल्या काळात कोणीतरी तेथे लिहून गेले, हे सिद्ध झाले. इंग्रजीत याला स्मृतीत ‘विष’ पेरणे म्हणतात. आपण राख पसरणे म्हणू.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये कर्नेलच्या स्मृतिवाटपाची ‘स्लॅब’ ही पद्धत मांडली. परत आलेली जागा ठरावीक खुणेने भरणे, तुकड्यांच्या कडेला राखीव पट्टा ठेवणे आणि कोणी जागा अडवून बसले आहे का ते पाहणे, या गोष्टी त्या निबंधातच होत्या. कडेचा पट्टा म्हणजे सरळसरळ बांध. त्यावरची खूण पुसली गेली, म्हणजे शेजाऱ्याने बांध कोरला. लिनक्सच्या अशा तपासणीत परत आलेल्या तुकड्याचा प्रत्येक बाइट १०७ या आकड्याने भरतात आणि शेवटच्या बाइटमध्ये १६५ ठेवतात.

संपूर्ण पानासाठी लिनक्समध्ये दोन वेगळ्या रीती आहेत. पहिलीत परत आलेले पान कर्नेलच्या नकाशातूनच काढून टाकतात. मग त्याला कोणी हात लावला, की त्याच क्षणी यंत्र अडते आणि चोर रंगेहाथ सापडतो. पण ही सोय प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरवर नव्हती. म्हणून अकिनोबू मिता यांनी लिहिलेली राख पसरण्याची रीत २००९ मध्ये लिनक्समध्ये आली. येथे राखेचा आकडा आहे १७०. द्विमान पद्धतीत तो १०१०१०१० असा दिसतो. एकाआड एक १ आणि ०.

पाऊल माणसाचे की पालीचे?

या तपासणीतला एक बारकावा गणित शिकवणाऱ्यांना आवडेल. राख विस्कटलेली दिसली, म्हणजे प्रत्येक वेळी कोणी प्रोग्रामच लिहून गेला असे नाही. कधी स्मृतीची चीपच बिघडलेली असते आणि एखादा बिट आपोआप उलटतो. दोन्हींतला फरक कसा ओळखावा?

असायला हवा होता तो आकडा आणि सापडलेला आकडा यांची बिटाबिटाने तुलना करतात. जेथे फरक असेल तेथे १, नसेल तेथे ०. समजा १७० ऐवजी १६८ सापडले. १०१०१०१० आणि १०१०१००० यांतला फरक ००००००१०, म्हणजे २. फक्त एक बिट वेगळा. आता समजा ९७ सापडले, म्हणजे ०११०००१०. नाही, घाई नको. ९७ म्हणजे ६४ अधिक ३२ अधिक १, म्हणून ०११००००१. फरक येतो ११००१०११, म्हणजे २०३. येथे पाच बिट वेगळे आहेत.

फरकात एकच १ आहे हे मोजदाद न करता कसे कळेल? फरकातून १ वजा करायचा आणि मूळ फरकाशी बिटाबिटाने ताडून पाहायचे, दोन्हींकडे १ असेल तेथेच १ ठेवायचा. २ आणि १ यांत सामाईक १ एकही नाही, उत्तर शून्य. २०३ आणि २०२ यांत मात्र अनेक सामाईक १ आहेत. उत्तर शून्य आले, तर फरक २ चा घात आहे, म्हणजेच एकच बिट बदलला आहे. सगळ्या जागेत मिळून एकाच बाइटचा एकच बिट बदललेला असेल, तर कर्नेल ‘एका बिटाची चूक’ असा वेगळा संदेश देतो. मग संशय आधी चीपवर जातो. नाहीतर स्मृती कोणीतरी बिघडवली, असे कळवतो.

बंद नाका

राख पसरायला आणि पाहायला वेळ लागतो. पाने सेकंदाला हजारो वेळा दिली-घेतली जातात. म्हणून ही तपासणी एरवी बंद ठेवतात आणि संशय असेल तेव्हाच चालू करतात. पूर्वी हा निर्णय कर्नेल बांधतानाच घ्यावा लागे. २०१६ पासून राखेची तपासणी यंत्र सुरू करताना चालू किंवा बंद ठेवता येऊ लागली. सोय झाली, पण आता प्रत्येक पानामागे ‘तपासणी चालू आहे का?’ हा प्रश्न विचारणे आले.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादा तपासणी नाका आहे असे समजा. नाका बंद असला, तरी त्याचे अडथळे रस्त्यातच असतील तर प्रत्येक गाडीला वेग कमी करावाच लागेल. लिनक्समध्ये २०११ च्या सुरुवातीला जेसन बॅरन यांनी यावर उपाय आणला. प्रश्न विचारणारी आज्ञाच चालू कर्नेलमध्ये खोडून तेथे ‘काही करू नका’ अशी आज्ञा लिहायची. तपासणी हवी असेल, तेव्हाच वळण घालायचे. म्हणजे अडथळे रस्त्यातून उचलून बाजूला ठेवण्यासारखे.

राखेच्या तपासणीतही हा उपाय पुढे वापरला गेला. पण प्रश्न एका वेगळ्या फंक्शनच्या आत होता. प्रत्येक वेळी त्या फंक्शनपर्यंत जाऊन परत यावे लागे. अडथळे उचलले, पण गाडीला नाक्याच्या आवारात शिरून बाहेर पडणे चुकले नाही.

‘हो’ म्हणजे काय?

दरम्यान आणखी एक गोष्ट झाली होती. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या गरजांसाठी पर्याय वाढवत नेले होते. राखेऐवजी शून्ये भरण्याचा एक पर्याय. राख पसरायची, पण नंतर पाहायची नाही, असा दुसरा. प्रत्येक पर्यायाला त्या वेळी कारण होते. एकत्र पाहिल्यावर मात्र कोणता पर्याय कोणत्या पर्यायाबरोबर चालतो, हेच कळेनासे झाले.

सर्वांत घोटाळ्याचे होते ते मुख्य साहाय्यक फंक्शन. त्याचे नाव ‘कर्नेल पॉइझन पेजेस’, म्हणजे पानांवर राख पसर. त्याला शेवटी ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगावे लागे. आता विचार करा, ‘राख पसर, हो’ असे म्हटल्यावर काय व्हायला हवे? प्रत्यक्षात ‘हो’ म्हटले की ते राख तपासून पान वापरायला मोकळे करी आणि ‘नाही’ म्हटले की राख पसरी! हे वेडेपणाने झाले नव्हते. नकाशातून पाने काढणाऱ्या शेजारच्या फंक्शनमध्ये ‘हो’ म्हणजे पान नकाशात आण, ‘नाही’ म्हणजे काढ, असा अर्थ होता. त्याच्या जोडीने चालावे म्हणून येथेही तोच क्रम ठेवला गेला. तेथे सरळ असलेला अर्थ येथे उलटा झाला.

२०२० च्या अखेरीस व्लास्टिमिल बाब्का यांनी ही आवराआवर हाती घेतली. २०१९ मध्ये लिनक्समध्ये पाने देताना किंवा परत घेताना शून्याने पुसण्याची स्वतंत्र सोय आली होती. त्यामुळे राखेच्या तपासणीतले ते दोन जादा पर्याय त्यांनी काढून टाकले. एका फंक्शनची दोन केली. एक राख पसरणारे, दुसरे राख तपासून पान मोकळे करणारे. ‘हो-नाही’ गेले. तपासणी चालू आहे का, हा प्रश्न त्यांनी फंक्शनच्या आतून काढून बोलावणाऱ्याच्या दारात आणून ठेवला, म्हणजे तपासणी बंद असताना तेथपर्यंत जाण्याचीच गरज उरली नाही. त्याच सुमारास माइक रॅपोपोर्ट यांनी नकाशाच्या फंक्शनसाठीही अशीच दोन वेगळ्या नावांची साहाय्यक फंक्शने आणली. हे सगळे फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.११ या आवृत्तीत समाविष्ट झाले.

या बदलाने वापरणाऱ्याला नवे काहीच मिळाले नाही. पडद्यावर काही दिसले नाही. पण दोषशोधनाच्या साधनात गोंधळ असेल, तर ते साधन वापरणारा माणूस दोन ठिकाणी शोध घेत बसतो, मूळ प्रोग्राममध्ये आणि साधनात. ज्याच्या आधाराने आपण इतरांची चूक ठरवतो, ती वस्तू वाचताक्षणी समजली पाहिजे. वर्गातल्या तराजूचे काटे आधी शून्यावर आणून मगच आपण वजन करतो, तसेच हे आहे.

राखेच्या मर्यादा

एवढे करून सर्व चुका सापडतात का? नाही. मार्च २०२२ मध्ये मॅक्स केलरमान यांनी लिनक्स कर्नेलमधील ‘डर्टी पाइप’ नावाची गंभीर त्रुटी जाहीर केली. तिचा माग लागला तो ग्राहकांच्या नोंदींच्या काही फायली पुन्हा पुन्हा बिघडलेल्या आढळल्यामुळे. कर्नेल एका जागेत नवी माहिती ठेवताना तिथली एक जुनी खूण पुसायला विसरत होता. त्या जुन्या खुणेच्या आधारे, ज्या फायली फक्त वाचण्याची परवानगी आहे त्यांत लिहिता येत होते. २०२० मधील ५.८ या आवृत्तीपासून हा धोका होता आणि काही नवे अँड्रॉइड फोनही त्यात सापडले.

येथे राख उपयोगी पडली नसती. ती जागा कर्नेलला परत केलीच जात नव्हती, एकाच मालकाकडे राहून पुन्हा पुन्हा वापरली जात होती. खाचर तेच, मालक तोच, फक्त मागच्या हंगामाचे बुडखे तसेच राहिलेले. परत न केलेल्या जमिनीवर राख पसरायला कोण येणार?

म्हणून इतर रीतीही लागतात. कोणाच्याच हातात पत्ता उरलेला नाही अशा, विसरलेल्या जागा शोधणारा ‘केमेमलीक’ २००९ मध्ये आला. ‘कासान’ हा २०१५ मधला तपासनीस दर आठ बाइटांमागे एक बाइट खर्चून प्रत्येक वाचन-लेखनावर नजर ठेवतो. २०२१ मधला ‘केफेन्स’ अधूनमधून थोड्याच जागांची तपासणी करतो, त्यामुळे तो नेहमीच्या वापरातही चालू ठेवता येतो. गिल यांच्यापुढचा १९५१ चा प्रश्न तोच आहे. किती पाहायचे आणि त्यासाठी किती थांबायचे?

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. चौकटीच्या वहीच्या पानावर आठ बाय आठ घरे आखा. प्रत्येक ओळीत १०१०१०१० भरा. एका गटाने डोळे मिटावेत. दुसऱ्या गटाने एखाद्या ओळीत एकच आकडा बदलावा, किंवा एखादी पूर्ण ओळ नव्याने लिहावी. पहिल्या गटाने फरक काढून, वजा एकची युक्ती वापरून, चीप बिघडली की कोणी लिहून गेले ते सांगावे.

मग दुसरा खेळ घ्या. एका मुलाला फक्त ‘राख, हो’ आणि ‘राख, नाही’ अशा आज्ञा द्या. ‘हो’ म्हणजे तपास, ‘नाही’ म्हणजे पसर, हे आधी सांगून ठेवा. दुसऱ्या मुलाला ‘पसर’ आणि ‘तपास’ अशा सरळ आज्ञा द्या. वीस आज्ञा भरभर वाचा आणि दोघांच्या चुका फळ्यावर मांडा. नंतर मुलांनाच विचारा, पहिल्याच्या चुका मुलाच्या म्हणायच्या, की आज्ञा ठरवणाऱ्याच्या?